‘तू मूळची कुठली?’



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाच्या भगिनी थोडा वेळ बसल्या होत्या. बोलता बोलता विषय दत्तक मुलांचा निघाला. एक भगिनी म्हणाली, “दादा, आश्रमातली आपली पोरं गोरे लोक घेऊन जातात. तिकडं त्यांचं बरं होतं का हो?” दुसरी म्हणाली, “नशीब उघडलं म्हणायचं. इथं राहून काय झालं असतं?” एक वयस्कर उपासिका इतका वेळ गप्प होती. ती एवढेच म्हणाली, “घर मिळालं ते चांगलंच झालं. पण त्या लेकराला त्याच्या आईचं कोणी सांगत असेल का?”

नशीब हा शब्द आपण १९५६ साली दीक्षाभूमीवर सोडून आलो. तेव्हा नशिबाने काय झाले हे विचारण्याऐवजी त्या घरांत रोज काय घडते, हे पाहू. आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

उदाहरण म्हणून स्वीडन देश घेऊ. युरोपच्या उत्तरेकडचा, सुमारे एक कोटी वस्तीचा हा देश. १९५० नंतरच्या काळात या एवढ्याशा देशाने परदेशांतून सुमारे ६० हजार मुले दत्तक घेतली. सुरुवातीला दक्षिण कोरियातून, पुढे भारत, श्रीलंका, कोलंबिया, चीन अशा देशांतून. भारतातून गेलेल्या मुलांत मुंबई-पुण्याकडच्या संस्थांमधली मुलेही होती. आज त्यांतली पुष्कळशी चाळिशी-पन्नाशीची आहेत. त्यांना स्वतःची मुले आहेत, काहींना नातवंडेही झाली आहेत. आता ती स्वतः बोलतात, लिहितात. म्हणून त्या घरांतले बरेच काही आता बाहेर आले आहे.

ही मुले कोणत्या कागदावर गेली, तेही थोडक्यात समजून घेतले पाहिजे. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात दत्तकाचाही विषय होता. ते बिल रखडले आणि १९५१ साली बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, हा इतिहास आपल्या घराघरांत माहीत आहे. पुढे १९५६ साली दत्तकाचा कायदा झाला. तो बौद्धांनाही लागू आहे आणि त्याने मुलगीही दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. परंतु परदेशी माणसाला या कायद्याने मूल घेता येत नव्हते. त्यामुळे इंग्रजांच्या काळातल्या १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टाकडून पालकत्व घ्यायचे, मूल घेऊन जायचे आणि दत्तकविधान आपल्या देशात करायचे, अशी पद्धत पडली. या व्यवहारात गैरप्रकार होतात, असे पत्र लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. त्या पत्रावरून १९८४ साली न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. मुलासाठी आधी देशात घर शोधा, न मिळाले तरच परदेशाचा विचार करा, असे त्याचे सार होते. १९९० साली ‘कारा’ ही सरकारी यंत्रणा उभी राहिली. १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ साली मान्यता दिली. एवढी पार्श्वभूमी पुरे. आता घरात जाऊ.

मूल विमानाने येते. आश्रमात एका खोलीत दहा-वीस मुलांच्या श्वासात झोपलेले असते ते. इथे त्याला स्वतंत्र खोली, मऊ गादी, खेळणी. आईबापांना वाटते, किती सुख! आणि मूल रात्रभर रडते. कारण त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच एकटी रात्र असते. जाणत्या आईबापांनी मग गादी जमिनीवर ओढली आणि मुलाला कुशीत घेऊन झोपू लागले. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे झोपतात, याची आपल्याला लाज वाटते. परंतु उबेची किंमत पोराला कळते.

जेवणाचेही तसेच. उकडलेले बटाटे, मासे आणि ताटाशेजारी दुधाचा पेला, असे तिकडचे जेवण. वरण-भातावर वाढलेले पोर ते तोंडात धरून बसते. आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना वय वाढेल तसे दूध पचत नाही, पोट दुखते. हे माहीत नसेल तर आईला वाटते की पोर नखरे करते. काही मुले पावाचे तुकडे उशीखाली, खिशात लपवून ठेवतात. घरात भरपूर असले तरी लपवतात. ज्याने उपाशी दिवस पाहिला त्याला उद्याची खात्री नसते. रागावून ही सवय जात नाही. मुलाच्या हाताला येईल अशा जागी रोज खाऊ ठेवला, आणि उद्याही तो तिथेच असतो हे त्याला दिसले, म्हणजे ती हळूहळू सुटते.

शरीराच्याही गोष्टी असतात. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेखाली निळसर डाग असतो. आपल्या आज्यांना तो ठाऊक आहे. गोऱ्या माणसाला तो माराचा वळ वाटू शकतो. हिवाळ्यात तिकडे सूर्य जेमतेम दिसतो. सावळ्या कातडीच्या मुलाला तेवढे ऊन पुरत नाही, म्हणून त्याला ड जीवनसत्त्वाचे थेंब जास्त दिवस द्यावे लागतात. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींचा तिथल्या डॉक्टरांनी अभ्यास केला. तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. कुपोषित आलेल्या मुली चांगले अन्न मिळताच झपाट्याने वाढल्या, पण त्यांतल्या अनेकींना पाळीही लवकर आली. निम्म्या मुलींना साडेअकराच्या सुमारास किंवा त्याआधीच आली. काहींना तर सात-आठ वर्षांच्या असतानाच आली. वर्गातल्या मैत्रिणी अजून बाहुल्यांशी खेळत आहेत आणि हिचे अंग बदलते आहे! त्या आईने वेळीच जवळ घेऊन नीट सांगितले तर ठीक, नाही तर ते पोर एकटेच घाबरते.

भाषेचे काय होते? मूल काही महिन्यांतच जुनी भाषा विसरते. चार-पाच वर्षांचे मूलही विसरते. तिकडे ती भाषा बोलणारे कोणीच नसते, म्हणून विसरते. पण ती पूर्ण पुसली जाते का? कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात चिनी दत्तक मुलींवर एक संशोधन झाले. ते २०१४ साली प्रसिद्ध झाले. लहानग्या असताना या मुली चीनमधून फ्रेंच बोलणाऱ्या घरांत आल्या होत्या. नऊ ते सतरा वर्षांच्या वयात त्यांना चिनीचा एक शब्दही कळत नव्हता. तरी चिनी भाषेतले चढ-उतार कानावर पडले की त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्या मुलींसारखेच काम करीत होता. त्या वयस्कर उपासिकेचा प्रश्न इथे आठवतो. आई आठवत नसली तरी आईचा आवाज आत कुठेतरी राहिलेला असतो.

आता नाव आणि जन्मतारीख. दत्तक मुलाला बहुधा तिकडचे नाव मिळते आणि इकडचे नाव मधे राहते किंवा गळून पडते. इकडचे नावही पुष्कळदा आईने ठेवलेले नसते, संस्थेतल्या कोणीतरी रजिस्टरात लिहिलेले असते. टाकून दिलेल्या बाळाची जन्मतारीख डॉक्टर अंदाजाने ठरवतात. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. आपल्या बापजाद्यांपैकी कितीजणांचा वाढदिवस १ जूनला येतो! शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली ती तारीख. नावाचेही आपल्याला चांगले ठाऊक आहे. कचरू, धोंडू, दगडू ही नावे टाकून आपण मिलिंद, राहुल, सुजाता, यशोधरा ही नावे घेतली. मात्र एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. आपण नाव बदलले ते स्वतःच्या मनाने, मान ताठ करून. त्या मुलाचे नाव दुसऱ्यांनी बदलले, त्याला विचारलेही नाही. म्हणून समजूतदार आईबाप जुने नाव पुसत नाहीत. ते सांगतात, हे नाव तू बरोबर आणलेस, ते तुझे आहे, मोठेपणी तुला वाटेल ते कर.

येथपर्यंतचे सारे प्रेमाने आणि माहितीने निभावते. खरी परीक्षा शाळा सुरू झाल्यावर असते.

वर्गात सगळी गोरी मुले आणि एक सावळे. “तू मूळची कुठली?” मुलगी आपल्या गावाचे नाव सांगते. “ते नव्हे गं, खरं कुठली?” दुकानात आई आणि लेक बरोबर असतात. बाई विचारते, “ही तुमचीच का? हिची खरी आई कुठं असते?” गुरुजी घरचा अभ्यास देतात, आपल्या घराण्याचा वंशवृक्ष काढून आणा. डॉक्टर विचारतात, घरात कोणाला मधुमेह होता का? यातले कोणी दुष्ट नसते. पण रोज कोणीतरी तिला आठवण करून देते की तू इथली नव्हेस. आणि वय वाढले की गोड प्रश्न संपतात. लहानपणी ‘किती गोड बाहुली’ म्हणून गाल ओढणारेच, तिला वीस वर्षांची झाल्यावर रस्त्यात पाहून ‘आपल्या देशात परत जा’ म्हणतात. तिचा देश तर तोच असतो.

बंधू-भगिनींनो, ‘मूळची कुठली’ हा प्रश्न आपल्याला नवा आहे काय? खोली भाड्याने बघायला गेलो की घरमालक नाव विचारतो. नावावर समाधान होत नाही, तेव्हा आडनाव विचारतो. आडनावावरूनही कळले नाही, तर गाव विचारतो. शब्द निराळे, पण रोख तोच. म्हणून त्या मुलीचे दुखणे समजायला आपल्याला कोणा पंडिताची गरज नाही.

आता आईबाप काय म्हणतात ते बघा. ही मुलगी रडत घरी येते. आईबाप मनापासून सांगतात, “लक्ष देऊ नकोस. आम्हाला तुझा रंग दिसतच नाही. आमच्यासाठी तू आमचीच.” हे बोलणे प्रेमाचे आहे, यात शंका नाही. परंतु हेच वाक्य आपण आयुष्यभर ऐकत आलो. “आम्ही जातबीत काही मानत नाही हो!” ऑफिसातले सहकारी म्हणतात, शेजारी म्हणतात. चांगली माणसेही म्हणतात. ज्याला सोसावे लागत नाही, त्याला न मानणे सोपे जाते. ज्याला सोसावे लागते त्याला त्या वाक्याने आधार मिळत नाही, उलट त्याचे तोंड बंद होते. आईला रंग दिसतच नाही, तर रंगावरून झालेला अपमान तिला सांगायचा कसा? मग मूल सांगणेच सोडते. जेवणाच्या टेबलावर सगळे असतात आणि ते एकटे असते.

हे माझे नुसते अनुमान नव्हे. १९७० ते १९७९ या काळात जन्मलेल्या अकरा हजारांहून अधिक परदेशी दत्तक मुलांचा स्वीडनमध्ये अभ्यास झाला. तो २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. बहुसंख्य मुले नीट मार्गी लागली, हे त्यात स्पष्ट आहे आणि ते आनंदाने सांगितले पाहिजे. पण आत्महत्येचे प्रमाण इतर स्वीडिश मुलांच्या मानाने साडेतीन पटीच्या आसपास होते. अन्न, शिक्षण, पैसा, प्रेम, कशाचीच ददात नसलेल्या घरांतले हे प्रमाण. याची कारणे अनेक असतात, एका वाक्यात सांगता येणार नाहीत. तरी एवढे कळते की पोट भरले म्हणजे सारे भरले असे नाही.

वसलसुत्तात तथागतांनी सांगितले की जन्माने कोणी नीच ठरत नाही, कर्माने ठरतो. पण जन्मावर माणसाची किंमत ठरवू नका म्हणणे वेगळे, आणि माणसाचा जन्म झाकून ठेवा म्हणणे वेगळे. बाबासाहेबांनी आपला जन्म झाकला नाही. लहानपणी प्रवासात पाण्यासाठी झालेली परवड त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. आपल्या घरातली पोरे ताठ उभी राहिली, कारण आईबापांनी त्यांना संध्याकाळी जवळ बसवून सांगितले की हा अपमान का होतो, त्यात तुझा दोष का नाही, आणि उत्तर कसे द्यायचे. परदेशी दत्तक घरांपैकी जी घरे हे शिकली, तिथली मुले मोकळेपणाने बोलतात. त्या घरांत आईबाप शाळेत जाऊन गुरुजींशी बोलतात, मुलांची इतर दत्तक मुलांशी गाठ घालून देतात, जन्मभूमी दाखवायला घेऊन येतात. आणि मूल खऱ्या आईविषयी विचारते तेव्हा तोंड पाडून बसत नाहीत.

कारण तो प्रश्न आज ना उद्या येतोच. इथे मला कारकुनाच्या नजरेने एक गोष्ट सांगायची आहे. फायलीत लिहिलेले सगळे खरे नसते. नेदरलँड्समध्ये सरकारने नेमलेल्या समितीने २०२१ साली सांगितले की परदेशी दत्तकाच्या व्यवहारात खोटे कागद, फसवणूक असे गंभीर प्रकार झाले. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये हेच मान्य केले. आईबाप जिवंत असताना मुलाला अनाथ लिहिले गेले, एका मुलाच्या जागी दुसरे पाठवले गेले. जून २०२५ मध्ये स्वीडनच्या चौकशी आयोगाने तर परदेशातून दत्तक घेणे थांबवा आणि झालेल्या मुलांची माफी मागा, अशी शिफारस केली. चीनने २०२४ सालीच परकीयांना मुले देणे बंद केले. नात्यातल्या मुलांपुरता अपवाद ठेवला. कागद अपुरा राहिला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतही घडले आहे. इथून लहानपणी अमेरिकेत गेलेल्या एका मुलीचे नागरिकत्व कोणी पूर्णच केले नव्हते. एका गुन्ह्यानंतर २००८ साली तिला भारतात परत पाठवून दिले. तिची दोन मुले तिकडे, ती इकडे, आणि इथली भाषाही तिला येत नव्हती.

हे वाचून कोणी म्हणेल, आपल्याला याचे काय? आपण कुठे परदेशात आहोत? परंतु या गोष्टीचे दुसरे टोक आपल्याच वस्तीत आहे. ज्या आईने मूल दिले ती बहुतेक गरीब असते. नवऱ्याने टाकलेली, लग्नाआधी फसवली गेलेली, कोणाचा आधार नसलेली. तिला कोणी विचारत नाही. अंगठा घेतात आणि मूल नेतात. म्हणून प्रत्येक माता-भगिनीला हे माहीत असले पाहिजे: आज कायद्याने मूल सोपवायचे तर जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढेच सोपवावे लागते, आणि त्यानंतर आईला दोन महिने फेरविचाराची मुदत असते. त्या मुदतीत मन बदलले तर ती मूल परत मागू शकते. दवाखान्यातली दाई, ओळखीचा वकील, दयाळू शेठाणी, कोणालाही परस्पर मूल देण्याघेण्याचा अधिकार नाही. मूल विकले किंवा विकत घेतले तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. वस्तीत असे काही कानावर आले तर १०९८ या क्रमांकावर कळवा. आणि त्याहून आधी, अशा मुलीला नावे ठेवायचे थांबवा. समाजाच्या तोंडाला भिऊनच ती मूल सोडते. विहाराने आणि महिला मंडळाने तिला चार महिने हात दिला तर कदाचित मूल आईजवळच राहील.

दुसरे, आपल्यातली जी जोडपी मूल दत्तक घेतात त्यांच्याविषयी. ‘कारा’च्या आकड्यांनुसार २०२४-२५ साली देशात ४,५१५ दत्तकविधाने झाली आणि त्यांतली ४,१५५ देशातल्याच घरांत झाली. फार चांगली गोष्ट. पण अजूनही थोडे मोठे झालेले, अपंग, आजारी मूल आपण नको म्हणतो आणि मग त्याला परदेशाची वाट धरावी लागते. आणि घेतलेले मूल दत्तक आहे हे आपण लपवतो. गाव बदलतो, कागद कपाटात कुलपात ठेवतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी एखादी शेजारीण भांडणात बोलून जाते आणि मूल कोसळते. त्यापेक्षा तीन-चार वर्षांच्या लेकराला गोष्टीसारखे सांगा: तुला जन्म देणारी आई होती, तिला तुला सांभाळणे जमले नाही, आम्ही तुला घरी आणले. आज मोठे झाल्यावर मुळाचा शोध घेण्याची सोयही दत्तकाच्या नियमांत आहे, आणि त्यात जन्मदात्या आईची गुप्तताही सांभाळली जाते. म्हणून कागद जपून ठेवा. तो मुलाच्या मालकीचा आहे.

मैत्री आणि करुणा हे शब्द आपण रोज वंदनेत उच्चारतो. मैत्री म्हणजे समोरच्याला आपल्यासारखा करून घेणे नव्हे. तो जसा आहे, जिथून आला आहे, त्यासकट त्याला आपल्या पंगतीला बसवणे. स्वीडनमधल्या गोऱ्या आईला हे शिकावे लागले. आपल्यालाही शिकायचे आहे. त्या वयस्कर उपासिकेने विचारलेला प्रश्न आपल्याही घरांना लागू आहे. तेव्हा ज्यांच्या घरी दत्तक लेकरू आहे त्यांनी येत्या रविवारी त्याला जवळ घेऊन बसावे, आणि खरे असेल ते त्याला सांगावे.

जयभीम. नमो बुद्धाय.